सुनेच्या टेबलाची फेरमोजणी

मंडळी, आरंभ करण्याआधी हा माईक जरा खाली घ्या हो कुणीतरी! अजून... अजून थोडा. हां, बास. गेल्या वर्षी आलेले बुवा ताडमाड उंच, आणि आपले सेक्रेटरी अण्णा भारी टापटिपीचे. त्यांनी माईकच्या दांडीवर खूणच करून ठेवली! बुवा बदलले, खूण तीच. मी मघापासून टाचा उंचावून उभा आहे आणि पुढच्या आजींना वाटतंय, बुवांना आज केवढा भाव दाटून आलाय!

हसा. पण आजच्या आख्यानाचं सगळं सार या दांडीत आहे बरं का. एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. आपण ज्याच्यावर माया करतो, ज्याच्यासाठी जिवाचं रान करतो, त्याला कधी विचारतो का, की बाबा रे, तुला हवंय तरी काय? घरातली माणसं दुरावतात ती माया कमी पडली म्हणून? का माया पोतंभर असते, आणि मापच चुकतं?

आता तुम्ही म्हणाल, बुवा पुराणातला एखादा राजा काढणार. काढतो, पण राजा नाही. आजची कथा एका टेबलाची! पेटीवाले, हसू नका, सूर धरा. देव खांबातून प्रगटतो हे तुम्हाला चालतं, मग टेबलाखालून प्रगटला तर काय बिघडलं?

तर मंडळी, ऐका. इथून दोन खाड्या ओलांडल्या की एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली चार मंडळी इथे बसलेली दिसतायत. त्या गावात नीळकंठ नेने नावाचे गृहस्थ. सगळे त्यांना तात्या म्हणत. उंची सहा फूट एक इंच, आवाज खणखणीत, आणि उभा जन्म सरकारी मोजणी खात्यात गेलेला. डोंगर मोजले, खाडीकाठची खाजणं मोजली, भावाभावांचे बांध मोजले. तात्यांनी साखळी टाकली की भांडण मिटलंच म्हणून समजा. आणि एक नियम! दोन्ही बाजूंना आधी नोटीस गेली पाहिजे, दोन्ही बाजू बांधावर हजर पाहिजेत, त्याशिवाय तात्या साखळीला हात लावत नसत. कुणी म्हणालं, तात्या, तो मुंबईला आहे, आपण उरकून घेऊ, तर साखळी गुंडाळून सरळ घरची वाट धरत. संबंधित हजर नाहीत, तर मोजणी नाही. हा नियम नीट ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

निवृत्त झाले. घरी ते आणि उमाकाकू. मुलगा श्रीरंग पुण्याला. मोठं घर, आणि दोन माणसं! उमाकाकू दोघांपुरता भात लावायच्या आणि तोही उरायचा. आणि मग एके दिवशी श्रीरंगाला तालुक्याच्या कॉलेजात नोकरी लागली. घरून जाऊन येऊन करण्यासारखी! आणि त्याची बायको मुक्ता पुण्याच्या एका छापखान्यासाठी शाळेच्या पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावायची. मालक म्हणाले, तुझं काम घरी बसून होतं, खुशाल जा. मंडळी, लेक-सून घरी आली! तात्यांनी ओटीवर उभं राहून सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा घसा खाकरला. आनंद झाला की ते तेवढंच करत.

आता मुक्ता कशी? उंचीला चार फूट नऊ इंच, आणि कामाला वाघीण! आल्या आठ दिवसांत घर तिचं झालं. पण कॉम्प्युटर कुठे ठेवणार? मोठा पडदा, तो कळफलक, खाली खोका, वायरींचं जंजाळ. ठेवला जेवणाच्या टेबलावर. अकरा वाजले की उमाकाकू म्हणणार, मुक्ता, पानं घ्यायची आहेत गं. उचल कॉम्प्युटर. जेवणं झाली, मांड कॉम्प्युटर. चार वाजता चहा. पुन्हा उचल! एकदा तर गणिताच्या पुस्तकाच्या पानावर ताकाची कढी सांडली. तात्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की या घरात कॉम्प्युटरला स्वतःचं टेबल पाहिजे, आणि ते मी बघतो.

झालं! तात्यांनी बघायचं ठरवलं म्हणजे मोहीम. खिशात टेप, कानावर पेन्सिल. खोली मोजली. खिडकीतून ऊन किती वाजता कुठे येतं ते तीन दिवस खडूने आखून ठेवलं. विजेचं बटण जमिनीपासून किती, वायर लांबीला किती, पडदा रुंदीला किती. मग तालुक्याला गेले, दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने चकचकीत टेबल दाखवलं, खाली सरकणारी फळी, पुस्तकांना कप्पे. तात्यांनी बोटाने टकटक केलं. आतून भुसा! म्हणाले, हे आमच्या एका पावसाळ्यात पुरीसारखं फुगेल. दुसऱ्याने घडीचं लोखंडी दाखवलं. तात्यांनी त्यावर हात टेकला, ते कुरकुरलं. शेजारच्या दामल्यांनी सल्ला दिला की कॉम्प्युटर काय, शिवणाच्या मशीनवर फळी टाकून पण चालतो. तात्या त्यांच्याशी चार दिवस बोलले नाहीत.

शेवटी त्यांनी काय केलं माहीत आहे? माळ्यावर फणसाच्या फळ्या होत्या. पिवळ्याधमक, वीस वर्षं वाळवलेल्या. निवृत्त झाल्यावर ओटीवर झोपाळा टांगायचा आणि सकाळ-संध्याकाळ झोके घ्यायचे, म्हणून तात्यांनी त्या पोटच्या पोरासारख्या जपलेल्या. त्या खाली काढल्या! उमाकाकू म्हणाल्या, अहो, तुमचा झोपाळा? तात्या म्हणाले, झोपाळा काय, पुढे होईल. सुनेचं काम आधी. बघा मंडळी, माणसाची माया बघा. कुठे कमी आहे का? तिळभरसुद्धा नाही!

दाजी मेस्त्रींना बोलावलं. मेस्त्री आले, फळीवरून हात फिरवला, खूश झाले. तात्यांनी त्यांच्यापुढे कागद टाकला. लांबी, रुंदी, वायरीचं भोक, सगळं आखलेलं. मेस्त्रींनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि एकच विचारलं.

"समदा झ्याक हाय, तात्या. पन बसनार कोन?"

तात्या म्हणाले, "बसणार कोण म्हणजे? कॉम्प्युटर!"

मेस्त्रींनी बिचाऱ्यांनी रंधा काढला. आता मला सांगा, ज्या माणसाने उभ्या जन्मात संबंधितांशिवाय मोजणी केली नाही, त्याला हे सुचू नये? सुनेला हाक मारायची, बस म्हणायचं, काम झालं. पण इथेच तर घोडं अडलं! तात्या सुनेशी बोलत नसत. राग नव्हता हो, भांडण नव्हतं. पद्धत! त्यांचे वडील सुनेशी समोरासमोर बोलले नाहीत, आजोबा बोलले नाहीत. बोलायचं नाही असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण तोंड उघडायचं नाही. मुक्ता चार हातांवर उभी असायची, आणि तात्या भिंतीकडे बघून उमाकाकूंना म्हणायचे, "अगं, तिला म्हणावं, चहात साखर जास्त आहे." उमाकाकू वळून म्हणायच्या, "मुक्ता, चहात साखर जास्त आहे." मुक्ता म्हणायची, "आई, त्यांना सांगा, उद्या कमी घालते." आणि उमाकाकू पुन्हा तात्यांकडे वळायच्या! दिवसभर मान फिरवून उमाकाकूंचीच मान मोडायची वेळ आलेली.

तर सुनेला बोलवायचं नाही. मग माप कुणाचं? तात्यांचं! स्वतः खुर्चीवर ताठ बसले, कोपर काटकोनात धरलं, म्हणाले, मेस्त्री, इथे खूण करा. आणि वर आणखी दोन इंच वाढवले, कारण जन्मभर मोजणीचं टेबल वापरलं ते उभ्याने काम करायचं. टेबल कसं भारदस्त पाहिजे! मुक्ता तेव्हा दारात उभी होती. चहाचा ट्रे हातात घेऊन सगळं बघत होती.

भिंत मोजिली, दार मोजिले, मोजियली हो तार ।
बसावयाचे जिला, राहिली उभीच धरुनी दार ॥

टेबल तयार झालं. काय सांगू तुम्हाला! पिवळाजर्द रंग, कडा गोल, पॉलिश असं की तोंड बघावं. तात्यांनी त्यावर पाणसळ ठेवली, म्हणजे ती बुडबुड्याची काचपट्टी. बुडबुडा बरोब्बर मधोमध! केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. टेबलाला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, वाडीतले लोक बघायला आले. आणि मग मुक्ता बसली.

मंडळी, तिचे पाय लोंबकळले! कोपरं खांद्याला आली. दोन्ही हात टेबलावर टेकवून ती अशी दिसायला लागली, की कुणीतरी भिंतीपलीकडे डोकावून बघतंय. टेबल समपातळीत, आणि बसणारी अधांतरी! सगळ्यांनी विचारलं, कसं आहे? मुक्ताने तात्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा फुलून आला होता. झोपाळ्याच्या फळ्या तिला ठाऊक होत्या. ती म्हणाली, "आई, त्यांना सांगा, फार सुंदर झालंय." तात्यांनी ओटीवर जाऊन घसा खाकरला.

दिवाळी झाली, मार्गशीर्ष सरला, पौष आला. मुक्ता दोन उशा घेऊन खुर्चीवर बसायची. मान आखडली, खांदे भरून यायला लागले, मनगट सुजलं. उमाकाकू तेल चोळून द्यायच्या आणि म्हणायच्या, काम जरा कमी कर गं. आणि घरात आणखी एक गंमत सुरू झाली. देवघराच्या दाराआडचा पूजेचा पाट दिवसा गायब व्हायचा, आणि दिवेलागणीला जागच्या जागी यायचा! उमाकाकूंनी तीनदा शोधला, तीनदा संध्याकाळी दाराआड सापडला. त्यांना वाटलं, आपलंच वय झालं. कुणाला सांगावं तरी कसं?

शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी मुक्ताला स्पष्ट सांगितलं, की बसायची जागा बदला, नाहीतर काम बदला. छापखान्याचे मालक म्हणाले, इथे ऑफिसात खुर्ची-टेबल नीट आहे, परत ये. आणि मुक्ताने श्रीरंगाशी बोलून ठरवलं, की माघ संपला की ती पुण्याला परत जाणार. आईबापांजवळ श्रीरंग राहील, सुट्टीला ती येईल. उमाकाकूंच्या कानावर हे आलं तेव्हा त्या ताक घुसळत होत्या. रवी तशीच राहिली. त्या उठून तात्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मुक्ता निघाली हो. आज ना उद्या श्रीरंगही जाईल, पुन्हा दोघांचाच भात लावायचा, असं दिसतंय."

तात्या ओटीवर बसून राहिले. झोपाळ्याच्या जागी नुसत्या कड्या लोंबत होत्या, त्यांच्याकडे बघत राहिले. मनात एकच येत होतं. मी काय कमी केलं? एवढं टेबल दिलं, तरी पोरीचं मन इथे रमलं नाही. वाईट वाटलं, थोडा रागही आला. पण विचारलं का? नाही! पद्धत नव्हती ना.

आणि आली माघातली गणेशजयंती. गुरुजींना त्या दिवशी तीन घरी जायचं होतं, म्हणून ते सांगितल्यापेक्षा तासभर आधीच येऊन उभे! मुक्ताने ठरवलं होतं, की इतिहासाच्या पुस्तकाची शेवटची पानं नऊपर्यंत धाडायची आणि मग स्वयंपाकघरात शिरायचं. इकडे गुरुजी म्हणाले, पाट आणा. उमाकाकू देवघरात गेल्या, पाट नाही! दाराआड नाही, माजघरात नाही, पडवीत नाही. गुरुजी सोवळं सावरत उभे. तात्यांचा पारा चढला. ऐन सणाच्या दिवशी देवाचा पाट गेला कुठे? ते शोधत शोधत मुक्ताच्या खोलीच्या दारात आले.

मुक्ता पाठमोरी. कानाला ते यंत्र लावलेलं, पुण्याशी बोलत होती, हात भराभर चालत होते. तात्यांची नजर खाली गेली. टेबलाखाली देवाचा पाट! आणि पाटावर सुनेचे पाय!

पेटीवाले, थांबा. सूर थांबवा जरा.

तात्यांनी तोंड उघडलं होतं ओरडायला. पण मंडळी, मोजणीदाराचा डोळा! त्या डोळ्याने आपोआप माप घेतलं. पाटाची उंची तीन इंच. खुर्चीवर दोन उशा. तरी कोपरं वर ओढलेली, खांदे कानाशी, मान ताणलेली. आणि पाटावर टेकलेली ती दोन लहानशी पावलं, टाचांना भेगा, मागच्या दारी जाऊन आल्याची माती अजून लागलेली. चार महिने ती अशी बसली होती. एक शब्द बोलली नव्हती. हातातली अक्षतांची वाटी तात्यांनी तिथेच खाली ठेवली.

मुक्ता वळली. मागे सासरे, त्यांच्यामागे उमाकाकू, त्यांच्यामागे गुरुजी! तिने खुर्चीवरून उडीच मारली. पाट उचलून छातीशी धरला आणि रडवेली होऊन म्हणाली, "चुकलं माझं, तात्या. रोज धुऊन ठेवत होते. माझे पाय पोचत नव्हते."

बघा, 'आई, त्यांना सांगा' म्हणाली नाही. सरळ तात्यांना म्हणाली! आणि तात्या? तात्यांनी भिंतीकडे बघितलं नाही, उमाकाकूंकडे बघितलं नाही. सुनेकडे बघितलं आणि म्हणाले, "मुक्ता, चूक माझी आहे. संबंधित हजर नसताना मी मोजणी केली. ती रद्द. आज फेरमोजणी. बस पोरी."

गुरुजी मागून म्हणाले, "अहो तात्या, मुहूर्त..."

तात्या म्हणाले, "देव थांबेल, गुरुजी. सून माघानंतर थांबणार नाही."

आणि मग काय गडबड उडाली! दाजी मेस्त्रींना निरोप गेला. मेस्त्री करवत घेऊनच आले. उशा काढल्या, मुक्ताला बसवलं, तात्या सहा फूट एक इंचाचा देह दुमडून जमिनीवर बसले आणि सुनेच्या पायापासून माप घ्यायला लागले. मुक्ताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासरे पायाशी! ती उठायला लागली की तात्या म्हणायचे, हलू नकोस, माप चुकेल. टाच ते गुडघा, बैठक ते कोपर, डोळा ते पडदा. आणि दर मापाला विचारायचे, इथे बरं वाटतं? इथे? का अजून खाली? चार महिन्यांचे न बोललेले शब्द त्या एका सकाळी बोलून झाले. उमाकाकू दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या, आणि त्यांच्या मानेला प्रथमच आराम मिळत होता!

मेस्त्रींनी करवत लावायच्या आधी एकदा विचारलं, की तात्या, पाय कापले की परत वाढनार न्हाईत हां. तात्यांनी करवत स्वतःच्या हातात घेतली. पहिला पाय त्यांनी कापला. सहा इंच! उरलेले तीन मेस्त्रींनी. खुर्चीचे पायही दोन बोटं उतरवले. टेबल उभं केलं, मुक्ता बसली. पाय जमिनीला टेकले, कोपरं अलगद फळीवर आली, खांदे खाली उतरले. तिने एक मोठा श्वास सोडला आणि खुदकन हसली. म्हणाली, "तात्या, आता मला मी बसल्यासारखं वाटतंय."

उमाकाकूंनी हळूच विचारलं, "मग पुण्याचं काय?"

मुक्ता म्हणाली, "आई, आज भात चौघांचा लावायचा ना? मग रोज तेवढाच लावा."

टाळ्या वाजवा मंडळी, वाजवा! तात्या ओटीवर गेले आणि त्यांनी असा घसा खाकरला, की दामल्यांची म्हैस उठून उभी राहिली.

आणि गुरुजी? गुरुजी पाट हातात घेऊन उभेच! तेवढ्यात दाजी मेस्त्रींची नजर कापून पडलेल्या तुकड्यांवर गेली. फणसाचे चार तुकडे, सहा-सहा इंचांचे, पॉलिश केलेले. त्यांनी पाट मागून घेतला, स्वच्छ धुतला, उलटा केला, चार कोपऱ्यांना ते चार तुकडे ठोकले, आणि सुलटा करून देवापुढे ठेवला. चौरंग! तात्यांनी सुनेला दिलेली जास्तीची उंची देवाच्या आसनाला पाय म्हणून लागली. त्या घरचा गणपती त्या दिवसापासून चौरंगावर बसतो. तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला तो चौरंग दाखवतात आणि सांगतात, हा माझ्या चुकीचा चौरंग आहे, नमस्कार करा.

आता तुमच्याकडे वळतो. हसत होतात ना तात्यांना? तुमच्या घरी जाऊन बघू का मी टेबलाखाली? आईला तूप सोसत नाही आणि तुम्ही आग्रहाने वाढता. नातवाला चित्रं काढायची आहेत आणि तुम्ही त्याला तबला आणून दिलाय. बायकोला कधीतरी घटकाभर कुणी बोलायला हवंय आणि तुम्ही तिसरी साडी आणलीत! आणि ती सगळी म्हणतात, फार सुंदर झालंय. देवाचा पाट ओढून घेतात आणि पाय टेकवतात. जाताना मेस्त्रींचा तेवढा एक प्रश्न बरोबर न्या. काहीही करा, कुणासाठीही करा, आधी विचारा, बसणार कोण?

काय म्हणता हो, मागच्या खांबाजवळच्या ताई? हात का वर केलात?

ऐकू येत नाही? कधीपासून?

माईक खाली घेताना मागच्या कर्ण्याची वायर निसटली, तेव्हापासून?

अहो, मग तासभर हसत का होतात?

पुढचे हसले म्हणून!

मंडळी, सापडलो मी! माझ्या मापाने माईक लावून घेतला, शहाणपण सांगत सुटलो, आणि मागच्यांना ऐकू येतंय का, हे एकदाही विचारलं नाही. सेक्रेटरी अण्णा, तो माईक बंद करा. पुढच्या मंडळींनी जरा सरकून घ्या, सतरंजीवर जागा करा. या ताई, सगळ्याजणी या, अशा अगदी पुढे या. आरती थांबेल थोडी. तुम्ही नीट बसा, पाय मोकळे करा, आणि मला सांगा, कुठपासून पुन्हा सांगू?